विहीणबाईंच्या ओल्या विटा

आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई, ठेंगण्या आणि काटक. बोलायला लागल्या की समोरच्याने आपला गुपचूप चहा संपवावा. लेकीला दिवस गेले तेव्हा त्यांचं घर दोनच खोल्यांचं. बाईंनी जाहीर केलं, "बाळ यायच्या आत तिसरी खोली. तीही माझ्या हातच्या विटांची!"

व्याह्यांची हयात भट्टीवर विटा भाजण्यात गेलेली. ते उसळले, "न भाजलेल्या मातीत माझं नातवंड? पाळणा तरंगत जाईल!"

"सिमेंट घालतेय मी त्यात, साखर नाही!"

बाई हे काम आठ दिवस रीतसर शिकून आल्या होत्या. दांडा ओढून वीट दाबायचं यंत्रही मागून आणलं होतं. परसातली वरची काळी माती बाजूला सारायची, हातभर खालची तांबूस घ्यायची, चाळायची, दहा घमेल्यांना एक घमेलं सिमेंट. पाणी बेताचं. मूठभर माल वळून छातीएवढ्या उंचीवरून सोडायचा. चार-पाच तुकडे झाले की पाणी बरोबर जमलं. मी सोडलेला गोळा थेट माझ्याच चपलेवर थापला गेला.

"व्याहीबुवा, गिलावा चपलेला नकोय!"

हजारभर विटा झाल्या. ओल्या गोणपाटाखाली झाकून, रोज पाणी मारायला सांगून बाई चार दिवस बहिणीकडे गेल्या. इकडे व्याह्यांना माया दाटून आली. बिचाऱ्या विटा ओल्याच कशा राहायच्या? त्यांनी गोणपाट काढलं, विटा उन्हात मांडल्या, भट्टीवरच्या सवयीने रोज उलटून ठेवल्या. आणि मी शहाणा बाजूला बसून "वा, वा" करत होतो!

बाई आल्या. नखाने वीट खरवडली, तर कड पिठासारखी गळली.

"कोणी वाळवल्या?"

आम्ही दोघंही आभाळाकडे बघायला लागलो.

"अहो, सिमेंट ओलाव्यात घट्ट होतं! तीन-चार आठवडे त्याला पाणी पाजायचं असतं. तुम्ही तहानेने मारलंत त्याला."

लेकीला सातवा लागला होता. बाई ढिगाऱ्यावर बसल्या आणि चक्क गप्प झाल्या. ते काही आम्हाला सोसेना. व्याही उठले, धोतर खोचलं आणि यंत्राचा दांडा धरला. "माती चाळा हो," मला म्हणाले. पाचव्या दिवशी पुन्हा हजार विटा. मग महिनाभर व्याही झारी घेऊन त्यांच्याभोवती. गोणपाटाचं टोक वाऱ्याने उडालं तरी जेवणावरून उठायचे. महिन्याने बाईंनी एक वीट दिवसभर बादलीत बुडवली. पाणी नितळच राहिलं.

भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले आणि सहाव्या दिवशी नात आली.

आता व्याही येईल त्याला भिंतीशी नेतात, बोटाने टकटक करतात. "चाळीस वर्षांत अशी वीट भाजली नाही मी! आणि पाणी कोणी घातलं? मी!"

आतून बाईंचा आवाज येतो, "तुम्हीच हो, तुम्हीच! पण जरा हळू, आत्ताच डोळा लागलाय तिचा."