उमेदवार दारावर आला

लोकसभेला उभ्या राहिलेल्या आमच्या गावच्या माणसाचं पत्रक परवा ओट्यावर पडलं होतं. गुळगुळीत कागद, वर हात जोडलेला फोटो. खाली छापलंय : पदवीधर, शेतकऱ्याचा मुलगा, लोकांच्या सुखदुःखात धावून जाणारा. मी चौथी शिकलो, पण तेवढं वाचता येतं. पदवीचं मला माहीत नाही. शेतकऱ्याचा म्हणाल तर बापाच्या नावावर कुंडीभर माती नव्हती. दुःखात धावून जातो हे मात्र खरं. त्याचं शिक्षणच त्यातलं आहे.

आमच्या पाचोऱ्याकडच्या खेड्यांत माणूस गेलं की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे दिवसकार्याचं जेवण होईपर्यंत, पाहुणे दारावर येतात. बाया गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरतात, तोंडावर पदर घेतात आणि घरापर्यंत रडत येतात. पण आधी कोणालातरी रडण्याचा सूर काढावा लागतो. तो सगळ्यांना जमत नाही. कितीकींनी तर मेलेलं माणूस धड पाहिलेलंही नसतं. म्हणून गावात एखादी तरी अशी बाई असते, जिला लोक आवर्जून सोबत नेतात. आमच्या गावात ती म्हणजे ह्या उमेदवाराची आई. तिने सूर काढला की गोठ्यातले बैल चारा सोडून मान वर करायचे. नवरा तरणाच मेलेला. पोरगं पदराशी घेऊन गावोगाव हिंडायची, पार धुळ्यापर्यंत. दुसऱ्यांच्या मयतीच्या चहा-खारीवर वाढलेलं पोर ते.

आई रडायला लागली की तेही ओठ काढायचं. आणि पाणी तरी किती! बाया त्याला पोटाशी धरायच्या, खिशात शेव-मुरमुरे कोंबायच्या. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मुरमुरे खात हसायचं. माझी घरवाली म्हणायची, "ह्याचं रडणं खोटं असेल हो, पण पाणी खरं आहे. हा मोठा होणार बघा."

झालाच. आधी कापसाच्या अडत्याच्या हाताखाली, मग सरपंचाच्या मागे, मग आमदाराच्या मागे. लग्नाला चुकेल, मयतीला चुकायचा नाही. गावात जिवंत माणसाचं नळाचं पाणी आठ-आठ दिवस येत नाही ते त्याला कळत नाही. माणूस मेलेलं लगेच कळतं.

ह्या चैत्रात माझी घरवाली गेली. सकाळी भाकरी थापता थापता चुलीपुढे कलंडली. परातीत पीठ तसंच. मी तिला उचललं, आडवी केली, हाताचं पीठ पुसलं. आणि मला रडू आलं नाही. सरणाला आग लावतानाही नाही, घरी येऊन तिची चप्पल दारात दिसली तेव्हाही नाही. छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, पण डोळे ठणठणीत कोरडे. एकच मुलगी मला, नशिराबादला दिलेली. दोन दिवस तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "नाना, दारातलं कुत्रं मेलं तरी माणूस हळहळतं." पोरीची जीभ माझ्यावरच गेली आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उमेदवार आला. गाड्यांची रांग, पांढरे कपडे, फोटोवाला पुढे पळतोय. ओट्यावर चढला, माझ्या पाया पडला, मान माझ्या खांद्यावर टाकली आणि सुरू झाला. "माय वं माय! कोण वाढीन आता माले कळनानी भाकर!" हिने त्याला जन्मात कळण्याची काय, साधी भाकरही वाढली नव्हती. अंगणातल्या कैऱ्या पाडल्या म्हणून केरसुणीने बदडला होता तेवढाच. पण सूर काय लावला! कुठे दम घ्यायचा, कुठे आवाज फाटू द्यायचा, सगळं आईचं. गल्लीतल्या बाया रडायला लागल्या. माझी मुलगी त्याच्या पायाशी बसून धाय मोकलून रडली.

मी खांबासारखा बसलेला. त्याने रडता रडताच माझ्या कानात सांगितलं, "नाना, डोळ्याला रुमाल तरी लावा. फोटो काढू राहिले."

मी मोठ्याने म्हणालो, "जोरात रड रे. मागच्या गाडीवाल्यांना ऐकू येत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. तो खरंच जोरात रडला. सांगितलेलं ऐकतो, एवढा गुण घ्यावा त्याचा.

संध्याकाळी फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. त्याचे गाल ओले, बाजूला मी भुसा भरल्यासारखा. खाली लिहिलं, 'आईसारखी माया हरपली.' पारावर बोलणं झालं, नवऱ्यापेक्षा उमेदवार बरा. मुलगी माझ्याशी बोलेना. ताट पुढे सरकवायची आणि तोंड फिरवून आत जायची. गंधमुक्ती झाली की ती सासरी निघणार. बापाला आई गेल्याचं काही नव्हतं, हेच घेऊन जाणार. तिला दाखवायला माझ्याजवळ एक थेंब नव्हता.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी उमेदवाराची आई आली. काठी टेकत, एकटी. पोराच्या बंगल्यात मागच्या खोलीत राहते. पाहुण्यांपुढे तिला आणत नाहीत. गल्लीतल्या बाया पदर ओढून तयार झाल्या, म्हातारी आता सूर काढणार म्हणून. ती ओट्यावर बसली, तोंडावर पदर न घेता. पाणी मागितलं.

"काकू, काढा ना," एक जण म्हणाली.

"बस वं. मी रडाले नही उनी." मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमले रडू येत नही म्हने?"

"नाही येत."

"माले बी उनं नव्हतं. मना नवरा मरना तवय. बायासनी चिमटा काढात, पाठवर बुक्क्या मारात, रड म्हनेत. डोया कोरडाच. मंग हाऊ पोऱ्या रडना मना बदलामा. बठ्ठा त्यानाकडे देखाले लागनात, माले सोडी दिन्हं. तवयपासून त्याले समजनं, रडं कामले येस."

आख्ख्या तालुक्याला रडवलेल्या बाईला स्वतःच्या नवऱ्यावर रडता आलं नव्हतं, तिच्या बदल्यात पोरगं रडलं म्हणून बायांनी तिला सोडलं, हे आज कळत होतं मला. मी म्हणालो, "मग गावोगाव कशा काय रडल्या?"

"ते दुसरानं घर ऱ्हास, भाऊ. तठे सोपं जास."

"तुमचा पोरगा दिल्लीला चाललाय. तिथे सगळी दुसऱ्यांचीच घरं. पोटभर रडेल."

ती बोळक्या तोंडाने हसली. "मी मरसू तवय देखा. तवय बी आधी फोटोवाला बलावी."

उठताना बायांना म्हणाली, "जा घर. भाकरी टाका." आणि गेली.

मुलगी उंबऱ्यावर उभी होती. कधीपासून, माहीत नाही. आत गेली, दोन कप चहा आणला, माझ्या शेजारी बसली. रडण्याचं काढलं नाही. चहात साखर जास्त होती, तिची आई घालायची तेवढी. मी सगळा प्यालो.

गंधमुक्तीला उमेदवार पुन्हा आला. मतदान दोन दिवसांवर, मांडवात माणूस मावत नव्हतं. तो माझ्याकडे आला, वाकला, ओठ काढले. तेवढ्यात मुलगी मधे उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आमच्याकडे आज कोणी रडत नाहीये. जेवायचं असेल तर पंगतीला बसा."

तो ओठ तसेच काढून उभा राहिला. डोळ्यांत पाणी भरलेलं, सोडावं की आवरावं कळेना. फोटोवाल्याने तोही फोटो काढला.