वन्संची थंडी

फोन आला तेव्हा मी जामसंड्यात, घरी, भाजी निवडत होते. मिठबावहून वन्संच्या शेजारची प्रमिला बोलत होती. "वयनी, लवकर येवा. बाय उठनत नायत." पुढे ती काहीतरी सांगत राहिली, चहा ठेवला होता, हाका मारल्या, दार लोटलेलंच होतं... माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. अनंतला, माझ्या नवऱ्याला, मी एवढंच म्हटलं, "वन्संकडे जायला हवं." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. आम्ही मिठबावला पोचलो. वन्सं झोपेतच गेल्या होत्या. कुशीवर, हात उशाखाली, जशा रोज झोपायच्या तशाच. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सगळे विधी उरकले, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आता कुठे मला त्यांच्याबद्दल शांतपणे आठवता येतंय.

सुमती माझी मोठी नणंद. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना 'वन्सं' म्हणत आले आणि त्या मला 'वयनी'. लहानपणी त्यांना सांधे धरून ताप आला होता आणि त्यात हृदयाची झडप अधू झाली. तेव्हापासून घरात एकच शब्द त्यांच्या मागे लागला... नको. पळू नको, समुद्रात उतरू नको, विहिरीवर जाऊ नको, पावसात भिजू नको. लग्नाचं वय झालं तेव्हा डॉक्टरांनी आणि मग सगळ्यांनीच मिळून तेही नको म्हटलं. सगळ्यात मोठं नको होतं ते थंडीचं. आमच्याकडे थंडी ती कसली! पौषात पहाटे जरा गारवा सुटतो, बागायतदार आंब्याचा मोहर बघून खूश होतात, आणि ऊन वर आलं की सगळं संपतं. पण तेवढ्यातसुद्धा माझ्या सासूबाई त्यांना कानटोपी घालून चुलीपुढे बसवायच्या. शिवणकाम मात्र चालायचं, कारण ते बसून करायचं काम. तेसुद्धा पायाचं मशीन नको, दम लागेल, म्हणून सासऱ्यांनी त्यांना हाताने फिरवायचं मशीन आणून दिलं. त्या मशीनवर त्यांनी घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवले. माझ्या निनादचं पहिलं झबलंही त्यातलंच. बाहेरची कामं त्यांनी कधी घेतली नाहीत. म्हणायच्या, "घरच्यांच्या आंगाची मापां माका पाठ आसत. लोकांची कित्या पाठ करू?"

सासूबाई गेल्या आणि वन्सं त्या घरात एकट्या राहू लागल्या. आमच्याकडे या म्हटलं तर हसून विषय बदलायच्या. त्याच सुमारास निनादला पंजाबात, भटिंड्याला नोकरी लागली. पहिल्याच हिवाळ्यात त्याने आत्याला फोन केला. "आत्ये, हंय अशी थंडी आसा, सकाळी बोटां वाकनत नायत." मला वाटलं, आता त्या काळजी करतील, काढा कर म्हणतील. त्यांनी विचारलं, "तोंडातसून धूर येता काय रे?" तो म्हणाला, येतो. त्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "वयनी, माका थंडी बघूची आसा."

अनंत भडकलाच. "ताये, तुका डॉक्टरान काय सांगितलला आसा? थंडी बाधात तुका." त्यावर वन्सं अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाधतली कशी? ती माज्यापर्यंत पोचाक व्हयी ना आदी." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची तयारी सुरू झाली.

तयार कपडे विकत घेऊ, असं मी सुचवून पाहिलं. त्यांना ते पटलंच नाही. दुकानातला स्वेटर कोणाच्या तरी मापाचा असतो, म्हणाल्या, आणि थंडीला तेवढी फट पुरते. मग त्यांनी आपल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि अंगाला लागणाऱ्या कपड्यापासून सगळ्यात बाहेरच्यापर्यंत, ओळीने, काय काय लागेल ते तिथे टांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा सासूबाईंचं विरलेलं रेशमी लुगडं माळ्यावरून उतरलं. त्याची अंगाला बिलगणारी बंडी झाली. मग कुडाळच्या बाजारातून आणलेल्या मऊ, उबदार फलालीनचा सदरा. त्यावर गोधडीसारखे टाके घातलेली दुसरी, जाड बंडी, आत परसातल्या सावरीचा कापूस. तो आम्ही दोघींनी दुपारभर बसून साफ केला आणि दोन दिवस शिंकत होतो. सगळ्यात बाहेर कोट, आणि तो घोंगडीचा! घाटावरून आणलेली काळी घोंगडी त्यांच्या हातमशीनमध्ये जाईचना. सुया मोडल्या. शेवटी दाभणाने, हाताने, रोज थोडा थोडा शिवला. ऐन वैशाखात घामाने डबडबलेल्या वन्सं मांडीवर घोंगडी घेऊन बसलेल्या असायच्या आणि वाटेवरून जाणारी माणसं थांबून विचारायची, "बाय, बरा आसा मां?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "बरा आसा. पंजाबाक जातंय."

पण कपडे उबदार झाले की नाहीत हे मिठबावात कळणार कसं? त्यावर त्यांनीच तोड काढली. एके दिवशी मला घेऊन त्या देवगड बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेल्या. मासळीसाठी बर्फ बनतो तिथे. बस्त्याव म्हणून तिथला मॅनेजर, आमच्या ओळखीचा. कपड्यांची बोचकी बघून तो बिचारा गोंधळला. "बाय, तुमी भितर बसान काय करतलात?"

"शिवण तपासूक इलंय. दार लाव तू."

लाद्या ठेवायच्या खोलीत एक प्लॅस्टिकचा क्रेट उलटा घालून वन्सं बसल्या. नऊवारीवर सदरा, बंडी, वर काळा कोट, डोक्याला कानटोपी. कामगार आत-बाहेर करत हसत होते. एकाने विचारलं, "बाय, खंय चललात? चंद्रार?" वन्सं पण हसल्या, पण त्यांचं लक्ष सगळं अंगावर होतं. मी दाराशी उभी राहून सारखी विचारत होते, बरं वाटतंय ना, छातीत काही होत नाही ना... त्या मला हातानेच गप्प करायच्या. बाहेर आल्यावर त्यांनी चहा घेतला आणि मग सांगितलं. थंडी मनगटातून येते. गळ्याशी येते. पाठीत टाक्याटाक्यांतून येते, कारण सगळे थर एकावर एक ठेवून एकत्र टाके घातले होते. आणि सगळ्यात जास्त येते ती खालून, लुगड्यातून.

घरी जाऊन त्यांनी ती कापसाची बंडी पूर्ण उसवली. आतला थर वेगळा शिवला, बाहेरचा वेगळा, एकाची शिवण दुसऱ्याच्या शिवणीवर येणार नाही असा. बाह्यांना विणलेल्या पट्ट्या लावल्या. आणि आयुष्यभर लुगड्याशिवाय काही न नेसलेल्या माझ्या नणंदेने फलालीनची अस्तर लावलेली पँट शिवली. ती घालून पहिल्यांदा बाहेर ओटीवर आल्या तेव्हा अनंत तिथे पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर खाली केला, पुन्हा वर केला. वन्संनी विचारलं, "कशी दिसतंय?" पेपराआडून उत्तर आलं, "बाबांसारखी." त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

डॉक्टरांची परवानगी तेवढी उरली होती. वन्संनी परवानगी मागितलीच नाही. सगळे कपडे पिशवीत भरून त्या दवाखान्यात गेल्या आणि तपासायच्या टेबलावर एकेक करून मांडले. हे आतलं, हे त्यावरचं, हे कानाला, हे पायाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी घोंगडीचा कोट हातात घेऊन त्याचं वजन बघितलं, शिवण उलटून बघितली. मग म्हणाले, "आजी, गोळ्या चुकवायच्या नाहीत. उन्हं आल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. आणि दम लागला तर त्याच दिवशी परत." वन्संनी तीनही गोष्टी कबूल केल्या. दारातून बाहेर पडताना माझा हात त्यांनी असा ओढला, की लहान मुलीला जत्रेला नेताना तीच आपला हात ओढते ना, तसं वाटलं.

कणकवलीहून दिल्ली, दिल्लीहून भटिंडा. आम्ही दोघीच. निनादच्या घरी पोचलो तेव्हा धुकं एवढं, की समोरची गल्ली दिसेना. पहिले दोन दिवस ऊनच पडलं नाही, म्हणून वन्सं खिडकीशी बसून राहिल्या, कबूल केल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी धुक्यातूनच फिकट ऊन दिसायला लागलं. त्या उठल्या, दोरीवरच्या त्याच क्रमाने एकेक कपडा घातला आणि आम्ही गच्चीवर गेलो. माझा विकतचा जाड स्वेटर होता, तरी मी कुडकुडत होते. वन्सं गच्चीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडून मोठा श्वास सोडला.

"वयनी, बघ गो! माज्या तोंडातसून धूर येता!"

पुन्हा सोडला, पुन्हा. निनाद व्हिडिओ काढत होता. शेजारच्या गच्चीवर एक पंजाबी बाई कपडे वाळत घालत होत्या, त्याही थांबून हसत बघू लागल्या. मग वन्सं थांबल्या. मला हळूच म्हणाल्या, "आंगाक लागत नाय गो."

"काय लागत नाही?"

"थंडी."

खरंच लागत नव्हती. एवढं चोख शिवलं होतं त्यांनी. आयुष्यभर जी बघायची होती, ती चारही बाजूंनी उभी होती आणि त्यांच्या अंगाला शिवू शकत नव्हती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काय म्हणते ते बघत होत्या. मी निनादला चहा ठेवायला खाली पाठवलं. वन्संनी हातमोजा काढून कोटाचं वरचं बटण काढलं, त्याखालच्या बंडीचंही काढलं. गळ्यापाशी हात धरून म्हणाल्या, "जरा भितर येव दे तिका." डोळे मिटून त्या तशा उभ्या होत्या. मी शेजारी उभी राहून मनात देवाचं नाव घेत होते. मग त्यांनीच बटणं लावली. "बरी आसा," एवढंच म्हणाल्या, कोणी पाहुणी भेटून गेल्यासारखं.

आम्ही सुखरूप परत आलो. दम लागला नाही की ताप आला नाही. त्यानंतर कोणी विचारलं की वन्सं सांगायच्या, पुढच्या वेळी काय काय बदलायचं ते. पुढची वेळ असणारच, हे त्यांनी धरून चाललं होतं. यंदाच्या चतुर्थीला आम्ही सगळे मिठबावला होतो. गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी मी निघायची तयारी करत होते, तर वन्संनी मला खोलीत बोलावलं. "उबी रव. हात पसर."

"कशाला?"

"तुजो कोट. यंदा तू स्वेटरात कुडकुडूची नाय."

खांद्यांपासून त्यांनी मापं घ्यायला सुरुवात केली. पाठीवर, दंडावर, कमरेभोवती त्यांचे हलके हात. म्हणाल्या, "जाड झालंस गो वयनी. कापड जास्ती लागतला." मी म्हटलं, "मग दोन घोंगड्या आणा." ते आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर काही दिवसांनीच प्रमिलाचा फोन आला.

परवा निनादने विचारलं, "आई, जानेवारीत येणार ना?" मी काही बोलायच्या आत अनंतच म्हणाला, "येतली ती. मी पण येतंय तिच्यावांगडा." हा माणूस आजपर्यंत कोल्हापूरच्या पुढे गेलेला नाही. त्याने फोन ठेवला. मग म्हणाला, "पण माजो कोट कोण शिवतलो गो?" आणि तोंड फिरवलं.

काल आम्ही मिठबावला गेलो. वन्संची खोली उघडली, खिडक्या उघडल्या. मापं घ्यायची टेप त्यांच्या मशीनच्या खणातच होती. अनंत खोलीच्या मधोमध उभा राहिला, न सांगता हात पसरून. मी आजवर कोणाचं माप घेतलेलं नाही. कुठून सुरुवात करायची तेवढंच मला माहीत होतं. मी त्याच्या मागे गेले आणि टेप खांद्यावर धरली.