आधी तिचा तंग

अल ऐनच्या बाहेर एका तबेल्यावर ऑफिसवाल्यांची काउबॉय पार्टी होती आणि जेवण माझ्याकडे होतं. दुबईच्या करामा भागातल्या माझ्या किचनमधून दोन व्हॅन भरून नेल्या. चाळीस माणसं, चाळीस टोप्या, कोरे करकरीत बूट. घोडी एकच.

बारा वाजल्यापासून फोटो सुरू. एक उतरला की दुसरा चढायचा. घोडी उन्हात घामाने निथळत उभी. मीही चढले. कुणीतरी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि मी दात काढून हसले. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. दिसला की स्वतःचीच किळस येते.

घोडीचा मोतद्दार राजस्थानचा, साठीच्या घरातला. मी उतरल्यावर त्याने खोगिराच्या तंगाखाली, म्हणजे पोटाला आवळलेल्या पट्ट्याखाली बोटं घातली. बाहेर काढली तेव्हा त्यांना रक्त लागलेलं होतं.

"बस. अब नहीं."

ऑफिसचा मॅनेजर आपल्याकडचाच, पुण्याचा. टोपी मागे सारत म्हणाला, "चाचा, काउबॉय ऐसे रोता है क्या? दस लोग बाकी हैं. यल्ला, जल्दी!"

"काउबॉय मैं नहीं जानता, साब. सवारी के बाद पहले इसका तंग खुलता है, फिर अपने जूते."

"क्या डायलॉग मारा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. तेवढ्यात एका जाडजूड गृहस्थाने रिकिबीत पाय घातलासुद्धा. घोडी अंग चोरून मागे सरली, तर लोक टाळ्या वाजवायला लागले.

 मी पातेल्यांवर झाकणं टाकली.

"ताई, हे काय?" मॅनेजर धावत आला.

"घोडी आत गेली की वाढते."

"अहो, ऑर्डर आमची आहे!"

"तुमचीच आहे. घोडी आत गेली की वाढते."

बिर्याणीचा वास सुटलाच होता. पाच मिनिटांत घोडीपुढची रांग ताटांकडे वळली. घोडीची दया एकालाही आली नव्हती. भूक सगळ्यांना लागली होती.

वाढून झाल्यावर मी मोतद्दारासाठी ताट घेऊन आत गेले. खोगीर उतरलं होतं. तंगाखालची कातडी हातभर सोलली होती. तो ओल्या फडक्याने ती टिपत होता.

"खाना खा लीजिए, चाचा."

"पहले ये पिएगी."

मी ताट धरून उभी राहिले. घोडीने बादली रिकामी केली. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"आप भी बैठी थीं न?"

"बैठी थी."

त्याने ताट घेऊन कठड्यावर ठेवलं आणि रिकामी बादली माझ्या हातात दिली.

"तो और पानी लाइए."