डासांची आई

“...आणि त्याच हाताने पोरीला भरवायचीस!” सासूबाईंनी पातेलं ओट्यावर आदळलं.

“आई, प्रयोगशाळेतले डास तिथेच जन्मतात नि तिथेच मरतात. आजारी माणसाला चावल्याशिवाय डासाच्या अंगात मलेरिया येईल कुठून?”

“मला नको शिकवूस. डास पाळणारी बाई घरात, आणि ताप काय आभाळातून पडला?”

लेकीला जाऊन महिनाही झाला नव्हता. तिचा शाळेचा डबा फळीवर अजून पालथाच होता.

डासांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत सून मदतनीस होती. जाळीच्या पिंजऱ्याला उघडा हात लावून बसायचं, डासांना पोटभर पिऊ द्यायचं. चावतात त्या फक्त माद्या; अंड्यांसाठी त्यांना रक्त लागतं. नर साखरपाण्यावर जगतात. तिथला शिपाई म्हणायचा, “आमच्यासारखेच बिचारे, मिळेल ते गोड मानून घेतात.” ‘डासांची आई’ हे नाव त्यानेच ठेवलेलं. लेक शाळेत आईच्या या नावाची फुशारकी मारायची. आता प्रयोगशाळेत कुणी तिला त्या नावाने हाक मारत नव्हतं.

“आधी ताप भाऊजींना आला होता,” ती हळूच म्हणाली.

धाकट्या दिराने मान वर केली. बांधकामाच्या साईटवरून तो मलेरिया घेऊनच परतला होता. “पण मी तर लगेच बरा झालो, वहिनी.”

“होणारच! मी होते ना उशाशी,” सासूबाई म्हणाल्या. त्या तरातरा आत गेल्या आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या. “हे बघ. ताप उतरला तशी बंद केली मी औषधं. कडू विष उगाच कशाला पोटात? जपून ठेवल्यात, पुढे कुणाला लागल्या तर. माझ्या राज्यात काही वाया जात नाही!”

पाकीट जवळजवळ भरलेलंच होतं.

ताप उतरला तरी रक्तातला मलेरिया उतरलेला नसतो. अशा माणसाला चावलेली मादी काही दिवसांनी दुसऱ्याला चावली, की आजार त्याच्या अंगात जातो. काका-पुतणी एकाच खोलीत झोपायची. झोपण्याआधी काकाच्या पाठीवर घोडा घोडा व्हायचं.

दिराने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. डॉक्टरने त्याला बजावलं होतं, सगळ्या गोळ्या संपव. त्याचा चेहरा पांढरा पडला. “वहिनी, म्हणजे मी... म्हणजे आईने...”

सासूबाई दोघांकडे आळीपाळीने पाहू लागल्या. “काय केलं आईने?”

पोरीच्या कपाळावर अखेरपर्यंत ओल्या पट्ट्या त्यांनीच ठेवल्या होत्या. दवाखान्यातून परतल्यावर पोरीची उशी कुशीत धरून त्याच बसल्या होत्या. अजूनही रात्री तीच घेऊन झोपत.

“काही नाही,” ती म्हणाली. दिराच्या हातातलं पाकीट तिने काढून घेतलं आणि मूठ मिटली. “आईंचं बरोबर आहे. ताप मीच आणला घरात. उद्यापासून मी कामाला जाणार नाही.”