बस्ता बांधला, लग्न मोडलं

जमलेलं लग्न मी मोडलं. आमच्या पेठेत हे असं उघड कोणी म्हणत नाही. योग नव्हता म्हणतात, पत्रिका जमली नाही म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मी मोडलं, आणि पुन्हा बस्त्याच्या त्या गादीवर बसायची वेळ आली तर पुन्हा मोडेन. माझ्या मनावर ओझं आहे, पण लोक समजतात ते नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा वडील गेले. घरात लग्नाचा मुलगा असताना बाप गेला, तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. तेरावा होतो न होतो तोच मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, स्थळं घेऊन यायला लागले. "वर्षश्राद्धाच्या आत सून उंबऱ्यात पाहिजे. दाजींची इच्छा हुती," ते म्हणायचे. ही इच्छा वडिलांच्या तोंडून कोणीच ऐकली नव्हती, पण आमच्या घरात त्यांच्या इच्छेविरुद्ध बोलायची सवयही कोणाला नव्हती.

वडील बाहेर सगळ्यांच्या उपयोगी पडणारे होते. सुतकात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, माणूस लाखात एक. घरात त्यांचा फक्त आवाज होता. हात त्यांनी कधी उगारला नाही. आमटीत मीठ कमी पडलं, टॉवेल जागेवर नसला, की आवाज चढायचा आणि आईची मान खाली जायची. पायाच्या अंगठ्याकडे बघत ती म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." माझं सगळं लहानपण मी तिची ती खाली गेलेली मान बघितली.

मुलगी हातकणंगल्याची होती. कोल्हापुरात बी.एड. करत होती, पॅसेंजरने जाऊन-येऊन. पसंती झाली, सुपारी फुटली. घरच्यांनी परवानगी दिली तसा मी उद्यमनगरातलं माझं लेथचं वर्कशॉप लवकर बंद करून संध्याकाळी स्टेशनवर जायला लागलो. तिची गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसून चहा प्यायचो. दुसऱ्याच भेटीत मी तिला न विचारता 'तू' म्हणायला लागलो. ती 'तुम्ही'च म्हणत राहिली. लग्नानंतर नोकरी करायची का, असं विचारलं तर म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." राहायचं कुठं, फिरायला जायचं कुठं, सगळ्याला तेच. मामांना मी हे सांगितलं तर ते खूश झाले. "लेका, नशीब काढलंस. आमच्या घरात तर मी म्हणंल त्याच्या उलटं."

मला मात्र तिची गाडी वेळेवर आली की बरं वाटायचं. हे मी कोणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही. आज वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं, सुपारीवरच. पण वर्ष संपत आलं होतं आणि मी घाईत होतो.

मग बस्ता. महाद्वार रोडवरच्या एका दुकानाच्या माडीवर दोन्ही घरची माणसं गाद्यांवर बसली. मधोमध माझी आत्या, वडिलांची बहीण. लग्नाचा बस्ता म्हणून विधवा आईला तिनं मागं, भिंतीला टेकून बसवलं होतं. पुढं बसायला आई स्वतःहून आलीही नसती. दुकानदार एकावर एक शालू उलगडत होता. "सूनबाईंना बोलू द्या की," तो म्हणाला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं शालूंवरून एकदा नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो."

"तुला डोळं हायत का न्हाईत?"

हा आवाज माझाच होता, पण मी तो आधी हजारदा ऐकला होता. तिची मान खाली गेली. आणि त्याच क्षणी मागं, भिंतीशी, आईचीही मान खाली गेली. तिला तर कोणी काहीच बोललं नव्हतं. ज्याला ती भीत होती तो माणूस जाऊन दहा महिने झाले होते.

आत्या हसली. "अगदी दादावर गेलाय बघा," ती कौतुकानं म्हणाली आणि तिनंच एक लाल शालू बाजूला काढला. बस्ता बांधला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आई आणि मामांसमोर सांगितलं की हे लग्न मी करणार नाही. मामा उठून उभे राहिले.

"काय, झालं काय? पोरीत काय खोट हाय?"

"पोरीत न्हाय. माझ्यात हाय."

"लग्न म्हणजे तुझ्या लेथवरचा जॉब न्हाय, मापात बसला न्हाय की टाकला भंगारात. वर्ष संपतंय. तीन वर्षांनी कोण पोरगी दील तुला?"

"नको देऊ दे."

मामांनी अर्धा तास मला सुनावलं. शेवटी मी ऐकत नाही म्हटल्यावर बसले आणि व्यवहाराचं बोलायला लागले. "बरं. मग गुरुजींकडनं पत्रिका परत बघून घेतो. मंगळ निघाला म्हणून निरोप धाडू. तुझं नाव न्हाय, तिचं न्हाय. ग्रहांचं."

ग्रहांचं कसं? मंगळ माझ्या पत्रिकेत नाही, तिच्या पत्रिकेत निघणार होता. तो मग तिच्या प्रत्येक स्थळाच्या आधी जाऊन बसला असता. मामांचा निरोप निघायच्या आधी मी स्टेशन गाठलं आणि पॅसेंजरमध्ये बसलो.

तिचे वडील ओसरीवर, सोप्यातच होते. "या जावईबापू. एकटंच?" त्यांनी आत आवाज देऊन गूळ-पाणी मागवलं. गुळाला हात न लावता मी सांगून टाकलं. मुलीत काही उणं नाही. दुकानात मी ओरडलो ते सगळ्यांनी ऐकलं. तसंच माझे वडील ओरडायचे आणि माझी आई त्यात जन्मभर मान खाली घालून राहिली. तुमची मुलगीही तशीच भिते, मला दुसरी तशी बाई घरात करायची नाही. बोलताना मला आपण मोठं काही करतोय असंही वाटत होतं. ते लपवत नाही.

त्यांनी गुळाची वाटी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "पावणं, एवढं तेवढं आवाज चढणं घरोघरी असतंय की." जावईबापूचं पावणं झालं होतं.

ती आतल्या दारात येऊन उभी होती. "बाबा, मी बोलू?" असं विचारलं तिनं, पण उत्तराला थांबली नाही.

"शालू मी निवडला होता. मोरपंखी, डावीकडचा. सगळ्यांत महागाचा होता तो. मी बोट दाखवलं असतं तर तुमच्या आत्या जन्मभर म्हणाल्या असत्या, आल्या आल्या महागाचा उचलला. तुम्ही म्हणाला असता तर कोण बोललं नसतं. तुम्हाला कळंल म्हणून तुमच्याकडं बघितलं. तुम्हाला ते भ्यालेलं दिसलं."

"मान खाली..."

"रागानं घातली. चारचौघांत तुम्हाला उलटं बोलायला नको म्हणून. तुमच्या आईंचं मला माहीत न्हाय. पण माझी मान माझी हाय."

इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत ती मला पहिल्यांदाच आवडली. तोंडातून निघून गेलं, "मग आपण परत एकदा... तुम्हाला वाटत असेल तर..."

"आता न्हाय. तुमच्या वडलांशी तुमचं भांडण हाय, ते तुम्ही माझ्यावर काढलं. काल ओरडून आणि आज सोडून." मग वडिलांकडे एकदा बघून म्हणाली, "गावात सांगताना मुलीनं नकार दिला म्हणून सांगा. आता खरंच हाय ते."

तिचे वडील नको नको म्हणत होते. नकार देणारी मुलगी म्हणजे तोंडाळ, स्थळं बिचकतील. ती म्हणाली, "मंगळापेक्षा बरं." मामांना काय सुचलं असणार, ते मी न सांगताच तिला कळलं होतं.

मी तसंच सांगितलं. कोल्हापुरात उतरलो आणि पहिल्यांदा मामांना सांगितलं. त्यांना माझ्या नकारापेक्षा हे जास्त लागलं. "पोरीनं नाकारला? आमच्या पोराला? तिची टाप काय?" ते आईकडे वळले. "अक्का, ऐकलंस का?"

आई तांदूळ निवडत होती. "ऐकलं," ती म्हणाली. "चांगलं केलं तिनं."

मामा सटपटले. मीही.

तीन वर्षं गेली. मुलीनं नाकारलेला म्हणून माझं नाव फिरलं, दोन-तीन ठिकाणी गूळ-पाण्याच्या पुढं गाडी गेली नाही. ते मला मुकाट्यानं सोसायलाच हवं होतं आणि मी सोसलं. तिचं पुढं काय झालं हे मी कधी विचारलं नाही, तो हक्क मला नव्हता. माझं ओझं एवढंच, की तिला न विचारताच मी तिला भित्री ठरवलं, आणि वडिलांना कधी बोलता आलं नाही ते तिच्या ओसरीवर जाऊन बोललो. पण त्या दुकानात जो आवाज माझ्या गळ्यातून निघाला, तो घेऊन बोहल्यावर चढलो नाही, याची मला लाज नाही. कोणी कितीही म्हणो, चांगली पोरगी घालवलीस.

दोन हजार सालानंतर माझं लग्न ठरलं. पुन्हा महाद्वार रोड, पुन्हा गाद्या, पुन्हा मधोमध आत्या. बसायच्या आधी मी आईला भिंतीपासून उठवलं आणि पुढं आणून बसवलं. आत्यानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "माझ्या लग्नाचा बस्ता हाय, माझी आई पुढं बसंल." होणाऱ्या बायकोला मी जिन्यातच हळू विचारून ठेवलं होतं, आवडलेला शालू स्वतः मागणार की मी मागू, आणि ती म्हणाली होती, तुम्ही मागा. शालू उलगडत गेले, ती एका अंजिरी रंगावर जरा थांबली, मी मोठ्यानं म्हणालो, "मला हा पाहिजे."

"बघा, आत्तापास्नंच बायकोचा बैल," आत्या म्हणाली. सगळे हसले. मी हसलो नाही, रागावलोही नाही. दुकानदारानं शालूची घडी घालायला घेतली.

तेवढ्यात आईनं हात पुढं केला, शालूचा पदर चिमटीत धरला आणि उजेडात धरून बघितला.

"ह्याची जरतार कच्ची हाय," ती दुकानदाराला म्हणाली. तिचा आवाज सगळ्या माडीवर ऐकू गेला. "ह्याच रंगात दुसरा दाखवा."

दुकानदारानं दुसरा काढला.