चेंडू सुटत का नव्हता

जपानमधल्या सेंदाई शहरात आम्ही राहायचो त्या दोन मजली इमारतीला बाहेरून लोखंडी जिना होता, आणि तो नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटलेला. वर कोण चढतंय हे मला पोळ्या लाटता लाटता कळायचं. घरमालकीण वरच्या कुंड्यांना पाणी घालायला दम खात चढायची, पार्सलवाला दणादण. वरच्या खोलीत राहणारा कॉलेजचा विद्यार्थी दोन-दोन पायऱ्या एकदम. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हा विद्यार्थी एकेक पायरी चढायला लागला. डावा पाय वर, मग उजवा त्याच पायरीवर, मग पुन्हा डावा. मी ऐकलं आणि पोळी उलटली.

हा विद्यार्थी त्याच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कॅप्टन होता. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड. जपानात हा खेळ खेळतात हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. नव्वदीची मधली वर्षं. नवरा धातूंवर संशोधन करायला आलेला, त्याच्यामागून मी पुण्याहून, सोबत चार वर्षांची मुलगी आणि संख्याशास्त्राची पदवी. त्या पदवीचा उपयोग कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा एवढं लक्षात ठेवण्यापुरता.

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. सेंदाईत पहिल्याच वर्षी त्याचा प्रत्यय आला. घरमालकिणीने घरी घातलेलं उमे फळांचं लोणचं आणून दिलं आणि दोन दिवसांनी विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, फार खारट आहे. शिवाय लिंबाचं लोणचं कसं घालतात तेही सांगितलं. ती हसली, शिकायला मिळालं म्हणाली, आणि पुन्हा कधी आमच्या दारात बरणी घेऊन आली नाही. आपलं काय चुकलं हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही वरच्या कॅप्टनकडून. तो पोट धरून हसला. "ओकुसान, अशा वेळी म्हणायचं, भाताबरोबर छान लागलं," त्याने शिकवलं. ओकुसान म्हणजे वहिनीसाहेब म्हणा हवं तर. मग मी शिकले. कुठे गप्प राहायचं, कुठे "हं, थोडंसं..." म्हणून वाक्य अर्धवट सोडायचं, सगळं. दोन वर्षांत मी इतकी गुळमुळीत बोलायला लागले की नवरा म्हणाला, तू जपानी झालीस. मला त्याचा अभिमान वाटला. आज लाज वाटते.

कॅप्टनचे आमच्यावर उपकार होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत भर दुपारी बर्फावरून घसरून माझ्या मुलीचं मनगट मोडलं. नवरा प्रयोगशाळेत, फोन कोणी उचलेना. मी नुसती रडत उभी. हा वरून धावत आला, तिला पाठीवर घेतलं, दवाखान्यात नेलं, फॉर्म भरले आणि तीन तास बाकावर बसून तिला कागदाची विमानं करून दिली. त्याचा सराव बुडाला तो वेगळाच. असं माणूस परक्या मुलखात भेटलं की आपण त्याचे होऊन जातो. मी झाले होते.

सप्टेंबरच्या शेवटी तो खाली आला. त्यांचा संघ तीन सामने ओळीने हरला होता. पळून चेंडू पुढे न्यायचं जमत होतं, पण फेकून पुढे न्यायचं काही केल्या जमेना. "चेंडू लागतच नाही कुणाच्या हाती. का ते तुम्ही शोधून द्याल?" मी हसले. म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, तुम्ही क्रिकेटचा हिशेब ठेवायचात ना, तुम्हीच सांगितलं होतं.

ते खरं होतं. माझे वडील पुण्यात क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर होते. लहानपणी रविवारी मी त्यांच्या शेजारी मांडवात बसून दुसरी वही भरायचे. वडिलांचा नियम एकच. जे झालं ते लिहायचं. सुटलेला झेल कितीही मोठ्या माणसाचा असो, सुटला तर सुटला.

मी हो म्हटलं. सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट मला आणून द्यायचं काम क्वार्टरबॅककडे होतं. क्वार्टरबॅक म्हणजे संघात चेंडू फेकणारा. किडकिडीत, दुसऱ्या वर्षाला, हेल्मेट घासून घासून कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. सायकल दारासमोर न लावता चार पावलं लांब लावायचा आणि कॅसेटची पिशवी दोन्ही हातांनी द्यायचा. चहाला दोनदा नाही म्हणायचा, तिसऱ्यांदा घ्यायचा. कॅप्टन आणि तो एकाच शाळेतले. कॅप्टननेच त्याला बोट धरून या कॉलेजात, या संघात आणलेलं. कॅप्टनचा विषय निघाला की हा पाठ ताठ करून बसायचा.

मुलगी बालवाडीत गेली की मी कॅसेट लावायचे. खेळ कळायला आठवडा लागला. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आला की दोन, फार तर तीन मोजेपर्यंत तो पुढे पळणाऱ्या कुणाकडे तरी फेकला पाहिजे. कारण तोवर समोरचे आडदांड त्याला आडवा करायला येऊन पोचतात. मी चौकटीच्या कागदावर रकाने आखले. कितव्या मोजणीला फेकला. कोणाकडे. झेलला की नाही. फेकणारा पडला की नाही. आणि दोन दिवसांनी एक शेवटचा रकाना वाढवला: आधी कोणाकडे बघत थांबला. हेल्मेटमुळे ते बरोबर कळतं, त्याला जाळीचं तोंड असतं आणि ते जिकडे वळेल तिकडे नजर.

शेवटचा रकाना भरत गेला तसा माझा हात जड झाला. जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच नंबर. कॅप्टनचा. कॅप्टन चेंडू झेलणारा होता, संघातला सगळ्यांत चांगला. पण ऑगस्टनंतरच्या कॅसेटमध्ये तो उजवीकडे वळताना अर्ध्या पावलाने मागे पडत होता. दुसरे दोघे मोकळे धावताहेत, हात वर करताहेत, आणि क्वार्टरबॅक चेंडू हातात धरून कॅप्टनची वाट बघतोय. एक, दोन, तीन, चार. चारला त्याच्यावर डोंगर कोसळायचा. प्रत्येक सामन्यात दहा-बारा वेळा. उठायचा, हेल्मेट सारखं करायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिकडेच बघायचा. ज्याने आपल्याला आणलं त्याला डावलून दुसऱ्याकडे चेंडू टाकायचा, हे त्याच्याच्याने होत नव्हतं. कॅप्टनचा गुडघा गेलाय हे संघात सगळ्यांना माहीत असणार. मला भिंतीपलीकडून माहीत होतं, तर त्यांना नसेल?

नवऱ्याला दाखवलं. तो कागदावरून नजर न काढता म्हणाला, "अगं, हे तू लिहून देणार? त्याचं शेवटचं वर्ष आहे. त्याने आपल्यासाठी काय काय केलंय."

"पण त्या दुसऱ्याला मार बसतोय. बघवत नाही."

"त्यांचं ते बघून घेतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण इथे पाहुणे आहोत, उगाच कशाला?"

नवऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं आहे, पण तो काही माझा हात धरून बसला नव्हता. मला स्वतःलाच ते नको होतं. कॅप्टनच्या पाठीवर बसलेली माझी मुलगी मला दिसत होती. मी नवा कागद घेतला, सगळं सुवाच्य उतरवून काढलं आणि शेवटचा रकाना गाळला. खाली एक वाक्य लिहिलं: क्वार्टरबॅक चेंडू गरजेपेक्षा जास्त वेळ हातात ठेवतो. एकही आकडा खोटा नव्हता. भाताबरोबर छान लागलं, तसंच.

कोचने तो कागद सगळ्या संघासमोर वाचला. मला मुद्दाम बोलावलं होतं, खुर्ची दिली होती. क्वार्टरबॅक उभा राहिला, "हाय", म्हणजे हो, म्हणाला, कमरेत वाकला. माझ्याकडे वळून आणखी एकदा वाकला. कॅप्टन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, कृतज्ञतेने बघतोय. मी मान किंचित झुकवली.

त्या दिवसापासून सराव संपला की कोच क्वार्टरबॅकला एकट्याला उभा करायचा आणि टाळ्या वाजवून मोजायचा, एक, दोन, फेक. समोर कोणी पळत नसताना तो छान फेकायचा. सामन्यात पुन्हा चार. आता मार बसायचाच, वर बोलणीही बसायची. कॅसेट आणायला तो येतच राहिला. हनुवटीला पट्टी, एकदा अंगठा सुजलेला. चहाचा कप डाव्या हाताने उचलायचा. मी त्याला विचारलं, दुखतं का? म्हणाला, "मीच हळू आहे. तुम्ही बरोबर लिहिलंत." यावर मी काय केलं? ताटलीत आणखी एक चकली ठेवली.

नोव्हेंबरच्या मध्यावरच्या सामन्याला मी मैदानावर गेले होते. बारीक गारठलेला पाऊस होता, माती निसरडी. तिसऱ्या भागात त्याच्या हातात चेंडू आला. डावीकडचा खेळाडू इतका मोकळा होता की मी मराठीतून मोठ्याने म्हटलं, "अरे, तिकडे टाक." त्याची जाळी उजवीकडे. एक, दोन, तीन, चार. मागून आलेल्याने त्याला कमरेतून उचलून टाकला. डोकं आधी आपटलं. तो उठला नाही.

तो वाचला. अकरा दिवसांनी डोळे उघडले. पण उजवा हात आणि बोलणं धड परत आलं नाही. शब्द शोधायला त्याला फार वेळ लागायचा, आणि सापडला की ओशाळून हसायचा. वसंताआधीच आईवडील त्याला उत्तरेकडे घरी घेऊन गेले, त्यांची सफरचंदाची बाग होती. जायच्या आधी त्याची आई आमच्याकडे आली. मुलासाठी इतकी मेहनत घेतलीत म्हणून माझे आभार मानले आणि मिठाईचा डबा ठेवून गेली. तो डबा मी फोडला नाही, तसाच कचऱ्यात टाकला, चुकीच्या वारी.

त्याच आठवड्यात दुपारी कॅप्टन खाली आला. संघ त्याने सोडला होता. बसला, चहा घेतला, कपाकडे बघत म्हणाला, "ओकुसान, एक विचारू? तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं?"

मी किटली उचलून त्याचा कप पुन्हा भरला.

"माझा गुडघा गेला होता. कॅप्टनने आपणहून बाहेर बसायचं, तर सगळे म्हणणार, नका बसू. मग मी पुन्हा खेळणार. कोच बोलणार नाही, मुलं बोलणार नाहीत, तो तर कधीच नाही. कोणीतरी बाहेरचं माणूस हवं होतं. मला घरमालकिणीचं लोणचं आठवलं." त्याने कप बाजूला सरकवला. "वाटलं, तुम्ही सांगाल. म्हणून तुम्हाला आणलं."

मग मी उठले. भांड्यांच्या कपाटात, खालच्या खणात, कणकेच्या पिशवीमागे पहिला कागद होता. फाडायचं धैर्य झालं नव्हतं, दाखवायचंही नाही. मी तो त्याच्यासमोर ठेवला. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्याचा नंबर. त्याने बोटाने एकेक ओळ वाचली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"हा कधी लिहिलात?"

"ऑक्टोबरच्या सुरुवातीला."

"म्हणजे चार सामने आधी," तो म्हणाला.

मला रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कागदाची घडी जशी होती तशी घातली, माझ्यासमोर सरकवली, फार मेहनत घेतलीत म्हणाला आणि खूप खाली वाकला, परक्या माणसासमोर वाकतात तसा. दार लावून गेला. मग जिना वाजायला लागला. डावा पाय वर, मग उजवा त्याच पायरीवर, मग पुन्हा डावा. सोळा पायऱ्या होत्या. ऑगस्टपासून मी त्या भिंतीशी उभी राहून ऐकत होते, आणि गुडघ्याला काय झालं रे, असं दार उघडून एकदाही विचारलं नव्हतं.