डावीकडचा पोपट

दर रविवारी सकाळी कंट्रोलर साहेब माझ्या दुकानासमोर उभे राहायचे आणि पुढ्यात कुणी नसताना खणखणीत आवाजात म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! माना वर!"

आयुष्य एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेलं. निवृत्त झाले, बायको गेली, मुलं नव्हती. मग त्यांनी जुन्या नाशिकची फुकट फेरी सुरू केली. रविवार कारंज्यावरच्या फळ्यावर खडूने वेळ लिहायचे. ते नव्वदचं दशक. रामकुंडावर बसगाड्या भरून माणसं उतरत, पण तांबट आळीतले सज्जे आणि काझीपुऱ्यातल्या लाकडी जाळ्या बघायला कुत्रं येत नसे. साहेब मात्र फेरी रद्द करत नसत. "रिकामी असली तरी गाडी वेळेवर सुटते, शेठ."

मी सिन्नरहून येऊन हातगाडीवरून सुरुवात करत एका जुन्या वाड्याखाली भाड्याने भांड्यांचं दुकान उभं केलं. आणि हा माणूस भर बाजारात ओरडणार, "सज्ज्याखालच्या उजव्या टेकूवर कोरीव पोपट आहे. डावीकडचा या शेठच्या बोर्डाने झाकलाय!"

"दहा माणसं आणा, बोर्ड उतरवतो," एकदा मी खेकसलो.

"पाच."

"आठ. शेवटचं."

"एक."

"असा कुठे सौदा असतो का हो?"

"एक आहेच ना. शिव्या देत का होईना, दर रविवारी ऐकतो."

अडकलो. पुढच्या रविवारी साहेबांसमोर शिडी लावून बोर्ड उतरवला. मागे पोपट नव्हताच. टेकूचं टोक करवतीने सपाट कापलेलं. आधीच्या कुण्या भाडेकरूने स्वतःच्या बोर्डासाठी कापलं असणार. साहेबांनीही तो पोपट कधी पाहिला नव्हता. उजवीकडे आहे म्हणजे डावीकडे असणारच, एवढ्यावर ते सांगत आले होते.

"आता बोला की!" मी म्हणालो.

त्यांनी उतरवलेला बोर्ड उचलून माझ्या हातात दिला. "लावून टाका परत," म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर फेरी यायची, पण माझ्या दुकानापाशी ते मान खाली घालून गप्प चालायचे आणि पुढच्या घरापासून पुन्हा सुरू व्हायचे. एकदा न राहवून मी हाक मारली, "अहो साहेब, उजवीकडचा आहे ना अजून! तो तरी सांगा!"

ते थांबले. "जोडीतला एकटा उरलेला काय दाखवायचा, शेठ?"

पुढच्या थंडीत ते गेले. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी शब्द पाळला होता, आणि ऐकायला उभाही होतो.